गोल की चौकोन?

ऑनलाइन अर्ज भरताना काही उत्तरांपुढे गोल असतो, काहींपुढे चौकोन. गोलांच्या रांगेत एकच ठिपका टिकतो, कारण दुसऱ्या गोलावर दाबले की पहिल्यातला आपोआप नाहीसा होतो. चौकोनांत मात्र हव्या तेवढ्या खुणा करता येतात. असे का? आणि कोणत्या प्रश्नाला गोल द्यायचा, कोणत्याला चौकोन, हे ठरवते कोण?

शहरात हा प्रश्न सहज सुचतो, सहज विसरलाही जातो. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात नांदूरघाटसारख्या गावात त्याला वजन असते. पीकविमा, अनुदान, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, सगळे अर्ज आता पडद्यावरच भरायचे. त्यातही ज्याचा अर्ज असतो त्याच्या हातात माउस असेलच असे नाही. सेवा केंद्रातला ऑपरेटर प्रश्न वाचतो, समोरचा तोंडी उत्तर देतो, ऑपरेटर बटण दाबतो. मागे रांग असते आणि नेट केव्हा जाईल त्याचा भरवसा नसतो. या देवाणघेवाणीत एक गोल चुकला, तर त्याचा परिणाम अर्जदाराच्या बँक खात्यात दिसतो, तोही काही महिन्यांनी.

१. पंख्याची बटणे

जुन्या टेबल फॅनच्या बुडाशी बटणांची एक ओळ असायची: ०, १, २, ३. ‘२’ दाबले की आधी दाबलेले ‘१’ टकन वर यायचे. आत एक सरकती पट्टी असते. दाबलेले बटण खाली जाताना ती पट्टी बाजूला ढकलते, त्यामुळे आधी अडकलेले बटण सुटते आणि नवे त्या जागी अडकते. दोन वेग एकाच वेळी लागणे शक्यच नाही. ही शिस्त माणसाच्या नव्हे, यंत्राच्या अंगात असते.

मोटारीतल्या रेडिओलाही पूर्वी अशीच बटणे होती. रस्त्यावरची नजर न काढता चालकाने बोटाने चाचपून स्टेशन बदलावे, हा त्यामागचा हेतू. एका वेळी एकच स्टेशन ऐकू येणार, म्हणून एका वेळी एकच बटण आत. संगणकाच्या पडद्यावर ही कल्पना उतरली तेव्हा नावही तेच राहिले: रेडिओ बटण. १९८४ मध्ये आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशवर एकाच निवडीसाठी गोल आणि अनेक निवडींसाठी चौकोन अशी वाटणी दिसते. वेबपाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्या १९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीतही हे दोन्ही प्रकार होते. आज केजच्या सेवा केंद्रातला पडदा असो की मुंबईच्या बँकेचा, वाटणी तीच आहे.

पडद्यावर अर्थातच पट्टी नसते. तिचे काम नाव करते. ठिबक, तुषार आणि प्रवाही या सिंचनाच्या तीन गोलांना प्रोग्रॅमरने आतून ‘सिंचन’ हे एकच नाव दिले, की ब्राउझर त्यांना एक गट मानतो आणि गटात एकाच ठिपक्याला जागा देतो. तिसऱ्या गोलाला चुकून वेगळे नाव पडले, तर ठिबक आणि प्रवाही दोन्हींत ठिपका बसतो आणि अर्ज भरणारा चक्रावतो. दिसायला सगळे गोलच असतात, पण आतली पट्टी तुटलेली असते.

२. शेतात सोयाबीन, मध्ये तूर

एक की अनेक, याचे उत्तर पडद्यावर नसते. ते प्रश्नाच्या विषयात असते आणि तिथे जाऊन शोधावे लागते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची आणि ती सातबाऱ्याच्या गाव नमुना बारावर जायची. त्यात पिकाचा वर्ग विचारला जातो: निर्भेळ पीक की मिश्र पीक. मराठवाड्यात सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीच्या एक-दोन ओळी घेणे नेहमीचेच. अशा शेतकऱ्याला ‘तुमचे पीक कोणते?’ असे विचारून सोयाबीन, तूर, कापूस, उडीद यांपुढे गोल दिले, तर तो अडकतो. सोयाबीन निवडले तर तूर कागदावरून गेली, तूर निवडली तर सोयाबीन गेले. बरोबर रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिला प्रश्न ‘निर्भेळ की मिश्र?’ इथे गोल, कारण एका क्षेत्रावर दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. मिश्र म्हटल्यावर दुसरा प्रश्न ‘कोणकोणती पिके?’ इथे चौकोन, आणि प्रत्येकापुढे क्षेत्र.

नियम सांगायला सोपा आहे: पर्याय एकमेकांना वगळत असतील तर गोल, एकत्र नांदत असतील तर चौकोन. अवघड असते ते खरोखर वगळतात का हे तपासणे. ‘व्यवसाय: शेती / मजुरी / ऊसतोड’ हा प्रश्न बीड जिल्ह्यात गोलांनी विचारणाऱ्याने हा जिल्हा पाहिलेला नाही. पावसाळ्यात स्वतःची दोन एकर पेरायची, मध्ये दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचे आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याची वाट धरायची, हे सगळे एकाच माणसाचे एकच वर्ष असते. तिथे चौकोन तरी द्यावेत, किंवा ‘सर्वांत जास्त उत्पन्न कशातून?’ असा प्रश्न तरी बदलावा. वाक्य बदलले की तेच पर्याय एकमेकांना वगळू लागतात.

संकेत मोडायचाच असेल तर तो मोठ्याने सांगून मोडावा लागतो. राज्यातल्या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची उत्तरपत्रिका गोलांची असे. योग्य पर्यायाचा गोल रंगवायचा. पण या परीक्षेत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असत आणि ते दोन्ही रंगवणे बंधनकारक असे. गोल म्हणजे एकच, ही सवय हाताला इतकी पक्की असते की गुरुजींना सरावाच्या वेळी ही सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागे. कागदावर निदान दोन गोल रंगवता तरी येतात. पडद्यावरच्या रेडिओ बटणाने ते होऊच दिले नसते.

३. शून्याचे बटण

पंख्याच्या ओळीतले सर्वांत दुर्लक्षित बटण म्हणजे ‘०’. ते नसते तर एकदा सुरू केलेला पंखा भिंतीवरच्या स्विचशिवाय थांबवता आला नसता. पडद्यावरच्या रेडिओ बटणांचा स्वभावही असाच आहे. चौकोनावर पुन्हा दाबले की खूण जाते, गोलावर पुन्हा दाबून ठिपका जात नाही. एकदा गटात शिरलेल्या माणसाला बाहेर पडायचे दार रचनाकारानेच ठेवावे लागते. गूगल फॉर्ममध्ये सक्तीच्या नसलेल्या प्रश्नाखाली निवड पुसण्याची सोय दिसते, ती याचसाठी.

आपल्याकडचे सर्वांत गाजलेले शून्याचे बटण मतदान यंत्रावर आहे. एकही उमेदवार पसंत नसेल तर पूर्वी निवडणूक नियम ४९-ओ खाली मतदाराने केंद्राध्यक्षाला तसे सांगायचे, मग त्याची नोंद वहीत व्हायची. म्हणजे नापसंती गुप्त राहत नव्हती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला आणि यादीच्या तळाशी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण, म्हणजे ‘नोटा’, आले. त्याच वर्षाअखेरच्या विधानसभा निवडणुकांत ते पहिल्यांदा वापरले गेले. निवडून कोण येणार हे त्याने बदलत नाही. पण मतदाराचे उत्तर आता यादीत सापडते.

अर्जांतले शून्य मात्र तीन प्रकारचे असते आणि ते एकत्र कोंबले की घोळ होतो. ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत. सिंचनाच्या साधनाखाली विहीर, बोअर, तलाव, कालवा एवढेच पर्याय दिले तर कोरडवाहू शेतकऱ्याने काय करावे? ‘कोरडवाहू’ हा पाचवा गोल नसेल, तर तो शेजाऱ्याची विहीर सांगून पुढे जातो, कारण उत्तराशिवाय ‘पुढे’ हे बटण उजळत नाही. मग तालुक्याच्या आकडेवारीत नसलेली विहीर जमा होते. यादी अपुरी असली की खोटे बोलण्याची सक्ती होते, हे जनगणनेच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या प्रश्नाला पुरुष आणि स्त्री यांच्याबरोबर ‘इतर’ हा तिसरा संकेतांक होता. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणारा नालसा खटल्यातला निकाल दिला तो त्यानंतर, १५ एप्रिल २०१४ रोजी.

४. बेचाळीस बटणे

बीड लोकसभा मतदारसंघात १३ मे २०२४ रोजी मतदान झाले. उमेदवार ४१, अधिक नोटा, म्हणजे ४२ बटणे. एका मतपत्रिका यंत्रावर १६ जागा असतात, म्हणून प्रत्येक केंद्रात तीन यंत्रे शेजारी शेजारी. तिन्हींवर मिळून एकच बटण चालते. रचनाकाराच्या नजरेने पाहिले तर गावातल्या शाळेच्या खोलीत मांडलेला हा एक अवाढव्य रेडिओ गट होता, आणि त्याला पडद्यावरच्या गटासारखे दुसरे बटण दाबून मत बदलण्याची मुभा नाही. दिवा लागला, आवाज झाला, संपले. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण ती केवळ पाहण्यासाठी.

इतकी लांब यादी वेबसाइटवर कोणी गोलांनी मांडत नाही. पाच-सात पर्यायांपर्यंत गोल, त्यापुढे उघडणारी यादी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पत्ता भरताना महाराष्ट्राचे ३६ जिल्हे यादीत, बीडचे ११ तालुके यादीत, पण सिंचनाचे तीन प्रकार मात्र डोळ्यांसमोर उघडे. यादी जागा वाचवते आणि पर्याय झाकते. गोल जागा खातात आणि सगळे एकदम दाखवतात. तुलना करून निवडायचे असेल तिथे झाकणे महागात पडते. मतपत्रिकेवर सगळे उघडे ठेवतात ते म्हणूनच, मग तीन यंत्रे लागली तरी चालतील.

लांब यादीत क्रमाला महत्त्व येते. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्य पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे. हा क्रम कोणाला पटो न पटो, तो आधी जाहीर असतो. ज्या अर्जांत पर्याय कोणत्याही ओळखीच्या क्रमाविना येतात, तिथे वाचणारा पहिल्या बऱ्या वाटणाऱ्या उत्तराला थांबतो.

खरी गोची नावांची आणि चित्रांची. त्या निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते, आणि अनेक मतदारसंघांत एका अपक्षाला ‘ट्रम्पेट’ हे चिन्ह मिळाले होते. मराठी यादीत त्याचे नाव ‘तुतारी’ असे दिल्याने मतदार गोंधळले, अशी तक्रार पक्षाने निवडणूक आयोगाकडे केली. बीडमध्ये ट्रम्पेटच्या अपक्षाला ५४ हजारांवर मते पडली; पहिल्या-दुसऱ्या उमेदवारातला फरक होता ६,५५३. साताऱ्यात ट्रम्पेटला ३७,०६२ मते आणि विजयाचा फरक ३२,७७१. यातली किती मते चुकून गेली, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही आणि त्यावर पैजा लावण्यात अर्थ नाही. रचनाकाराने एवढेच घ्यावे: दोन पर्यायांची नावे तोंडी सारखी ऐकू आली तर कागदावरचा त्यांचा फरक अपुरा पडतो. ‘तुतारीवर दाब’ हा निरोप घरून घेऊन आलेल्या माणसाला दोन तुताऱ्या भेटतात.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत नांदूरघाटच्या मतदाराला वेगळाच प्रसंग असतो. तिथे दोन मते: एक गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. म्हणजे दोन रेडिओ गट एकाखाली एक. इथे काम करते ते मथळ्याचे: कोणता गट कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो. वेबच्या अर्जातही प्रत्येक गटाला स्वतःचा मथळा आणि भोवती मोकळी जागा हवी, नाहीतर दोन प्रश्नांचे गोल एकाच लांबलचक प्रश्नाचे वाटतात.

५. ‘कोणी नाही ना?’ ‘नाही.’

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींसाठी ई-केवायसी सुरू झाली. आधार आणि ओटीपीनंतर महिलेने काही घोषणा करायच्या होत्या. त्यातली एक अशा आशयाची: माझ्या कुटुंबातील कोणी सरकारी खात्यात कायम नोकरीत नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’.

घरात कोणी नोकरीला नसलेल्या बाईने काय दाबायचे? अर्जाच्या तर्काने ‘होय’, म्हणजे होय, हे विधान खरे आहे. पण मराठी घरात हा संवाद असा चालत नाही. ‘तुमच्याकडे कोणी नोकरीला नाही ना?’ असे विचारले की खरे उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि तो नकार नसतो, दुजोरा असतो. ऑपरेटरने प्रश्न वाचायचा, बाईने ‘नाही ओ, कोण असणार’ म्हणायचे आणि त्याने ‘नाही’ दाबायचे. दोघेही प्रामाणिक, अर्जात मात्र नोंद उलटी: घरात सरकारी नोकर आहे.

पुढे एकदाच दुरुस्ती करण्याची सोय द्यावी लागली आणि आधी १८ नोव्हेंबरला संपणारी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तरीही चुकीचा पर्याय निवडला गेल्याने लाभ थांबल्याच्या तक्रारी राहिल्या, आणि २०२६ च्या जानेवारीत अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे ठरले. पडद्यावरच्या दोन शब्दांची दुरुस्ती शेवटी दारोदार जाऊन करायची वेळ आली.

उपाय अगदी साधा होता. घोषणेला प्रश्न करायचे आणि होय-नाही ऐवजी उत्तरेच पूर्ण लिहायची. ‘घरातले कोणी सरकारी नोकरीत किंवा पेन्शनवर आहे का?’ आणि खाली दोन गोल: ‘घरात कोणीही नाही’, ‘हो, घरात कोणीतरी आहे’. आता प्रश्न न ऐकताही उत्तराचा अर्थ लागतो. होय आणि नाही हे पर्याय स्वतः काहीच सांगत नाहीत, सगळा भार प्रश्नावर टाकतात. आणि प्रश्नात ‘नाही’ आधीच बसलेले असेल तर तो भार कोसळतो.

६. आधीच दाबलेले बटण

पान उघडताच एखाद्या गोलात ठिपका असावा की नसावा? जाणकारांत यावर मतभेद आहेत. १९९५ च्या एचटीएमएल नियमात गटातले एक बटण कायम निवडलेले असलेच पाहिजे असे होते, पंख्यासारखेच. वेबरचनेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनीही २००४ मध्ये एक पर्याय आधीच निवडून ठेवावा असा सल्ला दिला. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची रचना-नियमावली नेमके उलट सांगते: आधी काहीही निवडून ठेवू नका, लोक प्रश्न न वाचता पुढे जातात.

प्रश्न माणसाविषयी असेल तर ब्रिटिशांचे बरोबर आहे. अक्षरांचा आकार लहान, मध्यम की मोठा, यात ‘मध्यम’ आधीच असावे; त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण वैवाहिक स्थितीपुढे ‘विवाहित’ हा ठिपका आधीच बसवून ठेवला, तर घाईत भरलेल्या अर्जात विधवा आणि परित्यक्ता विवाहित होतात. सेवा केंद्रात अर्जदाराला तर पडदाच दिसत नाही. जे आधीच निवडलेले आहे ते ऑपरेटर वाचून दाखवत नाही, म्हणून तो प्रश्न विचारलाच जात नाही.

आधीच्या निवडीची ताकद किती असते याचे गाजलेले उदाहरण युरोपातले आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ मध्ये अवयवदानाची संमती तपासली. जर्मनीत नाव स्वतःहून नोंदवावे लागे, संमती सुमारे १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नको असेल तर तसे कळवावे लागे, तिथे संमती ९९ टक्क्यांहून जास्त. आपल्याकडे पीकविम्यात हे अनुभवायला मिळते. पंतप्रधान पीकविमा योजना २०२० च्या खरिपापासून सर्वांना ऐच्छिक झाली. पण बँकेचे पीककर्ज असलेल्या शेतकऱ्याने मुदतीच्या सात दिवस आधी ‘नको’ असे लेखी दिले नाही, तर तो योजनेत धरला जातो. कर्ज नसलेल्याला स्वतः जाऊन नोंदणी करावी लागते. योजना एक, ऐच्छिक हा शब्द एक, आणि आधीचा ठिपका दोन वेगळ्या जागी.

दुकानदारीत ही ताकद गैरवापराला आयती सापडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि १३ प्रकार नावानिशी सांगितले. ग्राहकाला न विचारता बिलात जादा वस्तू, सेवा किंवा देणगी टाकणे हा त्यातलाच एक.

७. बोट आणि कान

उरलेल्या गोष्टी बारीक आहेत, पण रोज त्रास देतात. गोल आडवे मांडले की ‘○ होय ○ नाही’ यात मधला गोल होयचा की नाहीचा हे क्षणभर कळत नाही. उभे मांडावेत, एका ओळीत एक. केवळ गोल नव्हे, त्यापुढचे शब्दही दाबता आले पाहिजेत. वेब सुलभतेच्या २०२३ मधल्या नियमांत स्पर्शाची जागा निदान २४ पिक्सेल असावी असे म्हटले आहे, अँड्रॉइडचा सल्ला त्याच्या दुप्पट, ४८ एककांचा. माउस न वापरणाऱ्या ऑपरेटरला बाणाच्या कळांनी गटात फिरता यावे आणि टॅब दाबताच पुढच्या प्रश्नावर जाता यावे. ब्राउझरचे मूळ बटण हे फुकट देते, पण शोभेसाठी स्वतः रंगवलेली बटणे बहुतेक वेळा ते विसरतात. पडदा न दिसणाऱ्यांसाठी वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरही याच मूळ बटणावर अवलंबून असतात. ‘तीनपैकी पहिले, निवडलेले नाही’ असे ती बोलून सांगतात, बटण नुसते चित्र असेल तर गप्प राहतात.

आणि अर्ज लोकांपुढे ठेवण्याआधी एक चाचणी, जिला पैसे लागत नाहीत. अर्ज तयार करणाऱ्याने तो एखाद्या ओळखीच्या माणसाला फोनवर वाचून दाखवावा, पडदा न दाखवता. प्रश्न एकदा, पर्याय एकदा. समोरच्याने ‘परत सांगा’ म्हटले, किंवा दिलेल्या पर्यायांत नसलेले उत्तर दिले, तर त्या ओळीवर खूण करायची आणि ती पुन्हा लिहायला घ्यायची.